पाना उचलण्याआधी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



दहावीचा निकाल लागला की पुढचे पंधरा-वीस दिवस आयटीआयच्या आवारात पालकांची ये-जा सुरू होते. मी तिथे मोटार मेकॅनिक या ट्रेडचा निदेशक होतो. १९८६ मध्ये नोकरीला लागलो आणि २०१९ मध्ये निवृत्त झालो. या तेहतीस वर्षांत एक वाक्य मी दर जूनमध्ये ऐकलं. "सर, पोराचं डोकं काही अभ्यासात चालत नाही. हात मात्र चांगला आहे. तुमच्याकडे मोटार मेकॅनिकला टाकावं म्हणतो." हे 'टाकावं' मुलाच्या देखतच म्हटलेलं असायचं. मुलगा बिचारा खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत उभा.

मी हसून म्हणायचो, "हात चांगला आहे ना? मग झालं. बाकीचं आम्ही बघतो." वडील समाधानाने घरी जायचे. मलाही वाटायचं, चला, एका घराची काळजी मिटवली. आज तेच उत्तर मला चुकीचं वाटतं. ते का, हे सांगायलाच मी आज आपल्यापुढे आलो आहे.

आधी हे शिक्षण असतं कसं, ते सांगतो. देशात कारागीर प्रशिक्षणाची योजना १९५० मध्ये सुरू झाली, तिच्यातून या औद्योगिक प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. आपण त्यांना आयटीआय म्हणतो. मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दहावीनंतर दोन वर्षांचा. डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा. शेवटी अखिल भारतीय परीक्षा आणि राष्ट्रीय पातळीवरचं प्रमाणपत्र. कागदावर एवढंच.

मुलं येतात ती पहिल्याच दिवशी इंजिन खोलायच्या तयारीने. आम्ही त्यांच्या हातात देतो कानस आणि लोखंडाचा तुकडा. हा घास, चारी बाजू काटकोनात आण. दोन दिवसांत तळहाताला फोड येतात. मग गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा शिकंजात बांधायचा आणि पुन्हा घासायचा. मुलं वैतागतात. "सर, आम्ही काय लोहार व्हायला आलोय का?" असं एकाने तोंडावर विचारलं होतं. प्रश्न वाजवी होता. गाडीच्या दुरुस्तीत असा चौकोनी तुकडा घासायची वेळ सहसा कुणावर येत नाही. पण त्या तुकड्यावर मुलगा एक गोष्ट शिकतो: आपल्या डोळ्याला सरळ दिसतं ते सरळ असेलच असं नाही. माप लावून बघावं लागतं.

पुढे व्हर्निअर येतो, तो मिलिमीटरचा पन्नासावा भाग दाखवतो. मायक्रोमीटर शंभरावा भाग दाखवतो. मग एके दिवशी जुन्या इंजिनाचा ब्लॉक समोर ठेवून आम्ही विचारतो, हे सिलिंडर कसं आहे? मुलं आत वाकून बघतात. भिंती आरशासारख्या चकचकीत. "एकदम ओके, सर." मग आत बोअर गेज उतरवायचं. तेव्हा कळतं की गोल दिसणारं भोक गोल राहिलेलंच नाही. पिस्टन खाली येताना कनेक्टिंग रॉड तिरकी असते, त्यामुळे तो एका बाजूच्या भिंतीला दाबला जातो आणि वर जाताना समोरच्या बाजूला. म्हणून भोक त्या दिशेने जास्त झिजतं. शिवाय वरच्या टोकाला उष्णता जास्त आणि तेल कमी, म्हणून तिथे झीज अधिक. वरून बोट फिरवलं तर नखाला बारीक कड लागते. ही कड नखाला लागली की वर्गात एकदम शांतता पसरते. माझ्या नोकरीतला तो सर्वांत आवडता तास होता.

हे सगळं गॅरेजात शिकता येत नाही का? येतं की! आपल्याकडचे निम्म्याहून जास्त मेस्त्री तसेच तयार झाले असावेत. बाराव्या-तेराव्या वर्षी पोऱ्या म्हणून लागायचं, पानं पुसायची, चहा आणायचा, उस्तादाने "दहा-अकरा दे" म्हटलं की न बघता नेमका पाना हातात ठेवायचा. (त्या वयाच्या मुलाला कामाला ठेवणं आता गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे.) त्यातले काही पुढे असे तयार व्हायचे की आम्ही सर्टिफिकेटवाल्यांनी हात जोडावेत. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि सांगायचं, तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट सैल आहे. खोलून बघावं तर खरंच तसं असायचं.

पण त्या विद्येचा एक नियम होता: गाडी बदलता कामा नये. प्रीमियर पद्मिनी आणि अॅम्बॅसिडर वर्षानुवर्षं जवळजवळ तशाच निघत राहिल्या, म्हणून उस्तादाची विद्या पोऱ्याला आणि पोऱ्याची त्याच्या पोऱ्याला पुरली. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. पुढे प्रदूषणाचे नियम आले. २००० सालानंतर पेट्रोल गाड्यांतून कार्ब्युरेटर जात चालला. २०१७ मध्ये देशभर बीएस-फोर लागू झालं आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स. प्रत्येक टप्प्याला गाडीत एखादा संगणक, चार सेन्सर आणि हातभर वायर वाढली.

त्याचबरोबर जुन्यातल्या काही सवयी नुसत्या निरुपयोगी नव्हे, धोक्याच्या झाल्या. दोनच सांगतो. डायनामो चार्ज करतो की नाही हे बघायला पूर्वी चालू इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल उपटायचे. इंजिन चालू राहिलं, म्हणजे डायनामो ठीक. आजच्या गाडीत असं केलं तर व्होल्टेज क्षणभर इतकं उसळू शकतं की इंजिनाचा संगणकच जळावा. दुसरी सवय डिझेलवाल्यांची. कुठलं सिलिंडर काम करत नाही हे शोधायला चालू इंजिनावर इंजेक्टरच्या पाइपाचा नट ढिला करायचा. नट ढिला करून इंजिनाचा आवाज बदलला नाही, तर तेच सिलिंडर आजारी. जुन्या इंजिनात इंजेक्टर साधारण दोनशे बारच्या आसपास उघडायचा. आजच्या कॉमन रेल इंजिनात दाब दीड हजार बारच्याही वर जातो. तुमच्या कारच्या टायरमध्ये हवा असते दोन बारच्या आसपास, यावरून अंदाज करा. त्या दाबाची डिझेलची बारीक धार कातडीत सुईसारखी शिरते. वरून टोचल्याएवढी जखम दिसते, पण वेळेवर शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट काढावं लागू शकतं.

या कामाला हात लागतो, हे मी कधीच नाकारणार नाही. गंजलेला बोल्ट न तोडता काढणं ही कला आहे आणि ती पुस्तकात येत नाही. पण हात चालवायचा कुठे, हे आधी ठरवावं लागतं. माझ्या पिढीच्या निदेशकांनी, म्हणजे मी तरी नक्कीच, मुलांचे मनातल्या मनात दोन गट पाडले होते. काही हाताची आणि काही पुस्तकाची. हाताच्या मुलांना आम्ही थिअरीच्या तासाला सांभाळून घ्यायचो. परीक्षेपुरतं पाठ करून घ्यायचो. त्यांच्यावर उपकार करतोय असं आम्हाला वाटायचं.

असाच एक विद्यार्थी १९९८ ते २००० या तुकडीत होता. नाव सांगत नाही, कारण त्याचं गॅरेज चालू आहे आणि गिऱ्हाइकं रेडिओ ऐकतात. शेतकऱ्याचा मुलगा, दहावीला कसेबसे पास झालेला, पण हात म्हणजे सोन्याचा. गिअरबॉक्स खोलून जोडला तर एक वॉशर उरायचा नाही. आमच्या साहेबांची जीप तेव्हा सारखी आजारी असायची. इलेक्ट्रिकल थिअरीचा तास मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी असायचा. मी त्या तासाला या मुलाला खुशाल जीपखाली पाठवायचो. साहेब खूश, मुलगाही खूश. ओहमचा नियम त्याने परीक्षेपुरता पाठ केला, कसाबसा पास झाला आणि २००४ मध्ये हायवेलगत स्वतःचं गॅरेज टाकलं. उद्घाटनाला मी गेलो होतो. पहिला पाना माझ्या हातून लावून घेतला त्याने.

दहा-बारा वर्षं गॅरेज जोरात चाललं. मग कधीतरी त्याचं बोलणं बदलत गेलं. "सर, नवीन गाड्यांत मजा नाही." "सर, आता सगळं कंपनीवाल्यांनी बांधून घेतलंय." मी हो ला हो म्हणायचो.

२०२२ च्या डिसेंबरात त्याचा फोन आला, "सर, जरा येऊन जाता का?" मी गेलो. त्याच्या दारात दूधवाल्याची एक पेट्रोल व्हॅन उभी होती, २०१२ ची. पहाटे चारला दूध घेऊन निघायचं आणि नेमका तेव्हाच सेल्फ जड फिरायचा. कधी गाडी सुरू व्हायची, कधी नाही. आठवड्यात दोनदा दूध नासलं होतं. दूधवाला तिथेच उभा होता. बोलत काही नव्हता, पण मधूनमधून आपल्या व्हॅनकडे आणि मग आमच्याकडे बघत होता.

"बॅटरी?" मी विचारलं.

"नवी घातली."

"सेल्फ?"

"पुन्हा तोच त्रास, म्हणून तोही नवा टाकला. फरक नाही. त्याआधी क्लच केबल कडक झाली होती, तीही बदललीय. त्याचा काय संबंध नाही म्हणा."

मी म्हटलं, सेल्फ मारताना हेडलाइट मंद होतात का? तो थबकला. म्हणाला, बघितलं नाही. लाइट लावून सेल्फ मारला. सेल्फ कण्हत होता, पण दिवे जवळजवळ तसेच राहिले. आता बघा, बॅटरी कमजोर असती तर तिच्यावर चालणारं सगळंच मंदावलं असतं. दिवे ठीक आणि सेल्फ जड, म्हणजे बॅटरीत ताकद आहे, ती सेल्फपर्यंत पोचत नाही. वाटेत कुठेतरी अडते आहे. जाण्याच्या वाटेत नाहीतर परतण्याच्या. नवशिके परतीची वाट विसरतात. करंट जितका जातो तितकाच परत यावा लागतो. गाडीत तो इंजिनाच्या लोखंडातून, मग अर्थिंगच्या जाळीदार पट्टीतून बॉडीवर आणि तिथून बॅटरीकडे परततो.

"अर्थिंग बघितलंय सर," तो म्हणाला. मीटरच्या दोन्ही वायरी लावून दाखवल्या. मीटर टुंईं करून वाजला. "हे बघा. ओके आहे."

याच ठिकाणी बहुतेकजण फसतात. मीटर असा वाजवतो तेव्हा तो वायरीतून नाममात्र करंट सोडतो. पट्टीच्या शंभर तारांपैकी दोन तारा जरी शाबूत असल्या तरी त्याला तेवढ्या पुरतात आणि तो वाजतो. सेल्फला मात्र लागतात शंभर-सव्वाशे अँपिअर. पायवाटेवरून माणूस आरामात जातो, म्हणून तिथून उसाचा ट्रक जाईल का? तेव्हा तपासायचं ते ट्रक चालू असताना. मी त्याला सांगितलं, मीटर व्होल्टवर ठेव, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या ब्लॉकला, आणि पोराला सेल्फ मारायला सांग. वाट चांगली असेल तर तिथे जेमतेम दोन दशांश व्होल्ट दिसावेत. मीटरवर आले १.८. मग एक टोक बॉडीला लावून बघितलं, तर ०.१. म्हणजे बॅटरी ते बॉडी ठीक, घोळ बॉडी ते इंजिन या पट्टीतच.

मी खिशातलं पेन काढलं आणि व्हॅनच्या पावतीपुस्तकाच्या पाठीवर गणित मांडलं. करंट १२० अँपिअर धरला, तर १.८ भागिले १२०, म्हणजे ०.०१५ ओहम. साध्या मीटरला हा रोध दिसतच नाही, त्याच्या दृष्टीने तो शून्य. पण तेवढ्याने सेल्फच्या तोंडचा घास काढून घेतला होता. पट्टी सोडवली. बोल्टाखाली हिरवा-पांढरा गंज, पिळाच्या बहुतेक तारा तुटलेल्या. आणि क्लच केबल कडक का झाली होती, तेही तेव्हा उमगलं. नेहमीची वाट बंद झाल्यावर थोडा करंट केबलच्या तारेतून परतत होता. केबल तापून आतलं अस्तर वितळलं होतं. ज्याचा काय संबंध नाही असं तो म्हणाला होता, तीच पहिली खूण होती.

नवी पट्टी लावली, जागा पॉलिश पेपरने घासली. सेल्फ एका दमात फिरला. पट्टीचे पैसे दोनशेच्या आत. त्याआधी बॅटरी, सेल्फ आणि केबल मिळून दूधवाल्याचे आठ-नऊ हजार गेले होते.

तो बराच वेळ हात पुसत राहिला. मग म्हणाला, "सर, हे आपल्याला शिकवलं होतं का?"

म्हटलं, "शिकवलं होतं. तू त्या तासाला नव्हतास."

"कुठे होतो मी?"

"साहेबांच्या जीपखाली. मीच पाठवलं होतं."

त्यावर तो हसला, पण मला हसू आलं नाही.

त्याने दूधवाल्याला खरं काय ते सांगितलं. जुना सेल्फ सुदैवाने भंगारात गेला नव्हता. तो परत बसवला आणि नव्याचे पैसे दिले. स्पेअर पार्टच्या दुकानात 'इलेक्ट्रिकचा माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी असतेच, त्यामुळे तो नवा सेल्फ त्याच्याच फळीवर पडून राहिला. दूधवाला आजही त्याच्याकडेच येतो. मात्र प्रत्येक मेस्त्री असं सांगेल आणि प्रत्येक गिऱ्हाईक असं टिकेल, अशी खात्री मी देणार नाही.

आता हातात स्कॅनर आले आहेत. गाडीला जोडला की तो दोषाचा क्रमांक सांगतो. लोकांना वाटतं, आता मेकॅनिकला डोकं लागत नाही. स्कॅनर कुठे दुखतंय तेवढं सांगतो, का दुखतंय ते सांगत नाही. पी ०१७१ हा क्रमांक आला, तर त्याचा अर्थ मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, एवढाच. मुलगा लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलतो. सेन्सर बिचारा खरंच बोलत असतो. हवेचा रबरी पाइप कुठेतरी चिरलेला असतो. बीएस-सिक्स डिझेलचा काजळीचा फिल्टर तुंबतो, तेव्हा तर पुष्कळदा दोष गाडीत नसतोच. मालक रोज बाजारापर्यंत दोन किलोमीटर जाऊन येतो, फिल्टर तापून काजळी जळायला वेळच मिळत नाही. हे मालकाला विचारल्याशिवाय कळणार कसं? डॉक्टर आधी विचारतो, मग नाडी बघतो. आमच्याकडे आधी बोनेट उघडतात.

इलेक्ट्रिक गाड्यांचं विचाराल, तर काही आयटीआयमध्ये त्यांचा वेगळा ट्रेडही आला आहे. कारच्या बॅटरीत तीनशे व्होल्टच्या वर दाब असतो, त्या वायरी ओळखू याव्यात म्हणून नारिंगी रंगाच्या असतात. तिथे पहिला नियम असा, की जोडणी तोडायची, कंपनीने सांगितलेली मिनिटं थांबायचं, रबरी हातमोजे घालून मीटर लावायचा, आणि शून्य व्होल्ट स्वतः बघितल्याशिवाय पाना उचलायचा नाही. इथे 'मीटर वाजला, ओके आहे' म्हणणाऱ्याला दुसरी संधी मिळेलच असं नाही.

तेव्हा पालकांनो, मुलाला या वाटेने पाठवणार असाल तर प्रवेशाआधी एकदा संस्थेत चक्कर मारा. भिंतीच्या रंगाकडे बघू नका. वर्कशॉपमधली इंजिनं चालू होतात का ते विचारा. मीटर कपाटात कुलपात आहेत की टेबलावर, ते बघा. एकही खरचटा नसलेला मीटर बघितला की मला धास्ती वाटते. वर्गात एखादा वायरिंग डायग्राम लावलेला आहे का, आणि त्यावर मुलांच्या बोटांचे डाग आहेत का, हेही बघा. मुलगी असेल तर तिलाही घेऊन जा. माझ्या शेवटच्या तुकड्यांत दोन-तीन मुली होत्या, मोजमाप न करता सुटा भाग बदलायची घाई मी त्यांच्यात बघितली नाही.

आयटीआयनंतर साधारण वर्षभराची शिकाऊ उमेदवारी करावी, ती चुकवू नये. १९६१ च्या कायद्याने मोठ्या कारखान्यांना आणि सर्व्हिस सेंटरना असे उमेदवार घ्यावे लागतात. २०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्याचं किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपये ठरवलं होतं. त्यात शहरातली खोली आणि मेस भागवताना मुलाची ओढाताण होते, हे मी जवळून बघितलं आहे. घरून वर्षभर थोडा हातभार लावता आला तर लावा. त्या वर्षात त्याला पाणी मारायला आणि ऑइल बदलायलाच ठेवलं, तर ते वर्ष वाया गेलं. दर पंधरवड्याला त्याला एकच विचारा, या आठवड्यात दोष कुठला शोधलास? काय बदललंस, हे विचारू नका.

आमच्या त्या विद्यार्थ्याचा मुलगा २०२५ मध्ये दहावी झाला. जूनमध्ये त्याचा फोन आला. "सर, पोराला मोटार मेकॅनिकलाच घालतोय. मार्क बरे आहेत, लोक म्हणतात डिप्लोमाला घाल, पण त्याला हेच करायचंय. तुमच्या जागी आता जे सर आहेत त्यांना एक निरोप द्या."

म्हटलं, "सांग."

"थिअरीच्या तासाला त्याला वर्गाबाहेर पाठवू नका म्हणावं. कुणाचीही जीप बंद पडली तरी."

निरोप मी दुसऱ्याच दिवशी पोचवला.